डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ पहिल्यांदा ऐकताना: अल्बम, त्याच्या नव्या आवृत्त्या आणि त्यातली कोणती घ्यावी

गिटार शिकायला लागलेलं कुणीही, दादरच्या क्लासमधलं असो की बर्मिंगहॅमच्या, पहिल्या काही आठवड्यांतच एक धून वाजवून बघतं. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती सुरुवात. धून सगळ्यांच्या ओळखीची असते, पण ती ज्या अल्बममधली आहे तो डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मशीन हेड’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकलेली माणसं त्या मानाने फार कमी भेटतात. ऐकायचं ठरवलं तरी पहिल्याच पायरीला अडायला होतं. अ‍ॅपवर नाव टाकलं की एकाच कव्हरचे चार-पाच अल्बम समोर येतात: कुठे २०१२ रीमास्टर, कुठे पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती, कुठे सुपर डिलक्स, कुठे ड्वीझिल झापा रीमिक्स. सात गाण्यांचा, जेमतेम ३७ मिनिटांचा अल्बम आणि त्याचा एवढा पसारा. यातलं आधी काय ऐकायचं, नंतर काय, आणि पैसे कशावर घालायचे, हे नवख्या माणसाला नीट सांगितलं जात नाही. ते सांगण्यासाठी हा लेख.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आधी १९७२ सालचं मूळ मिक्स ऐका (मिक्स म्हणजे नेमकं काय, ते तिसऱ्या पायरीत येईल). ते कानात मुरू द्या. बाकी सगळ्या आवृत्त्या त्यानंतर. मूळ मिक्स पक्कं डोक्यात असलं तरच नव्या आवृत्तीत कुणी काय बदललं ते कळतं, आणि खरी गंमत ते कळण्यात आहे.

पायरी १: हा अल्बम कुठे आणि कसा झाला, ते जाणून घ्या

ही पायरी वगळू नका. ‘मशीन हेड’चा आवाज असा का आहे, याचं उत्तर तो जिथे रेकॉर्ड झाला त्या जागेत आहे.

डिसेंबर १९७१. डीप पर्पलचे पाच जण स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी पोचले: गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, हॅमंड ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवर इयन पेस. चाहते या संचाला ‘मार्क टू’ म्हणतात. इंग्लंडबाहेर रेकॉर्डिंग केलं तर करात सवलत मिळेल, हा एक हिशोब होता. दुसरं कारण कलेचं. स्टेजवर हा बँड जसा वाजायचा तसा बंद स्टुडिओत वाजत नव्हता, म्हणून त्यांना मोठी, खुली जागा हवी होती. जिनिव्हा सरोवराच्या काठचा माँत्रोचा कसिनो हिवाळ्यात बंद असायचा. तो रिकामा मिळणार होता. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत पूर्ण कंट्रोल रूम असलेला ट्रक, भाड्याने आणला होता. कसिनोतला हंगामाचा शेवटचा कार्यक्रम तेवढा बाकी होता: ४ डिसेंबरला फ्रँक झापा आणि त्याच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या बँडचा.

त्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्यासाठी जाळ सोडणारं पिस्तूल, झाडली. छत पेटलं आणि बघता बघता पूर्ण इमारत जळाली. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी धावपळ करून माणसांना बाहेर काढलं. आगीत कुणाचा जीव गेला नाही. पर्पलची मंडळी प्रेक्षकांतच होती. बाहेर पडल्यावर त्यांनी सरोवरावर पसरत गेलेला धूर पाहिला. काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून जागा झाला तो ते प्रसिद्ध शीर्षक ओठांवर घेऊन. पुढे गाण्यात या आगीचा सगळा वृत्तान्तच आला. झापाचं नाव आहे, क्लोदचंही आहे. रॉकमधली बरीच गाणी प्रेमाची नाहीतर बंडाची असतात. हे गाणं सरळ घडलेल्या घटनेची बातमी सांगतं.

जागा गेली. नोब्स यांनी मग पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री वाजवायला लागले तशी शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलीस आले. पण तेवढ्यात एका धुनेचा मूळ ट्रॅक टेपवर उतरला होता. तेव्हा तिला शब्द नव्हते. तीच पुढे ‘स्मोक ऑन द वॉटर’ झाली.

बाकीचा अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्राँड हॉटेलात झाला. थंडगार, रिकामं हॉटेल. वाद्यं कॉरिडॉरमध्ये मांडली, खोल्यांमधल्या गाद्या आणून आवाज अडवायला भिंतींना टेकवल्या, आणि बाहेर उभ्या ट्रकपर्यंत केबली ओढल्या. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्यांमधून, बाल्कनीवरून वाट काढत बर्फातून ट्रकपाशी जावं लागे. एवढा फेरा घालून प्रत्येक टेक तपासायचा त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी ते सोडूनच दिलं. हेडफोनमध्ये नीट वाटलं की पुढचं गाणं. अल्बममध्ये जी सलग, न थांबणारी ऊर्जा जाणवते ती इथून आली, असं मला वाटतं. आपण कसे वाजलो हे पुन्हापुन्हा ऐकून दुरुस्त करायची सोयच नव्हती. ६ ते २१ डिसेंबर एवढ्या दिवसांत काम संपलं. रेकॉर्डिंग इंजिनिअर होता मार्टिन बर्च, जो पुढे आयर्न मेडनच्या अल्बमांसाठी नावाजला गेला. मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ बाहेर पडला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

पायरी २: मूळ मिक्स एका बैठकीत ऐका

अ‍ॅपवर ऐकणार असाल तर नावात ‘रीमास्टर’ असलेलं चालेल, ‘रीमिक्स’ असलेलं सध्या बाजूला ठेवा. फरक पुढच्या पायरीत येईल. शफल बंद करा. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. बेस आणि ऑर्गनचा खालचा भाग त्यात उरतच नाही. साधे वायरचे हेडफोनही पुरतात.

एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, पहिली बाजू चार गाण्यांची. ‘हायवे स्टार’ने सुरुवात. पोर्ट्समथच्या कार्यक्रमाला बसने जाताना एका पत्रकाराने विचारलं, तुम्ही गाणी कशी रचता? ब्लॅकमोरने गिटार उचलली, गिलनने वर शब्द टाकले आणि गाणं तिथेच आकाराला आलं. रेकॉर्ड होण्याआधीच ते स्टेजवर वाजत होतं, त्यामुळे टेपवर ते पूर्ण तयारीचं उतरलं आहे. यात दोन सोलो आहेत, आधी ऑर्गनचा, मग गिटारचा. गिटारच्या सोलोत बाखच्या वळणाची स्वरसाखळी आहे, हे ब्लॅकमोरने स्वतः सांगितलं आहे. भरधाव गाडीवरच्या गाण्यात अठराव्या शतकातलं जर्मन संगीत एवढं चपखल बसतं, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा फार आनंद होतो.

‘मेबी आय अ‍ॅम अ लिओ’ संथ आहे, हलक्या झुलत्या चालीचं. त्याची मुख्य धून पहिल्या ठोक्यावर सुरू होत नाही. ताल धरून बघा, सुरुवातीला हात चुकतो. ‘पिक्चर्स ऑफ होम’ पेसच्या ड्रमने उघडतं आणि मधे ग्लोव्हरच्या बेसचा छोटासा सोलो येतो. त्या काळच्या हार्ड रॉकमध्ये बेसला अशी जागा सहसा मिळत नसे. शेवटाकडे गाणं विरत जातं आणि संपलं असं वाटतानाच परत उसळून येतं. तेव्हा पुढच्या गाण्यावर उडी मारायची घाई करू नका. ‘नेव्हर बिफोर’ हे बँडच्या आणि कंपनीच्या मते हमखास चालणारं गाणं, म्हणून सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची वेगळी छोटी तबकडी, त्याचीच निघाली. ते फारसं चाललं नाही. मला विचाराल तर सातांत सगळ्यात फिकं हेच.

दुसऱ्या बाजूला ‘स्मोक ऑन द वॉटर’. इथे थोडं थांबू.

ती धून सगळे वाजवतात आणि बहुतेक जण पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने), एकेक तार वाजवून वाजवतात. ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम छेडतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्यावर दोन सूर जोडीने, चौथ्याच्या (सा ते म एवढ्या) अंतरावर उमटतात. त्यातून तो पोकळ, दगडी नाद येतो. सुरुवातीची रचना कान देऊन ऐका. आधी एकटी गिटार. मग पेसचा हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी), जलद आणि बारीक, आणि सोबत लॉर्डचा ऑर्गन तीच धून धरून. मग बाकीचे ड्रम. सगळ्यात शेवटी बेस. बेस येतो तेव्हा गाण्याला जमीन मिळाल्यासारखं वाटतं. धून सबंध वेळ तीच आहे, बदलत जातं ते तिच्याभोवतीचं सगळं. लॉर्डचा हॅमंड चर्चमधल्या ऑर्गनसारखा गोड वाजत नाही, कारण तो त्याने गिटारसाठीच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता. म्हणूनच अनेकदा गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो ते पटकन कळत नाही. नवख्यांनी पहिल्या ऐकण्यात एवढं एकच शोधलं तरी पुष्कळ झालं: आत्ता जे ऐकू येतंय ते तारांचं की पट्ट्यांचं?

‘लेझी’ सात मिनिटांवर जातं. सुरुवातीला लॉर्ड एकटाच ऑर्गनशी खेळत बसतो, मग ब्लूज चालू होतं, आणि गिलन गाण्याबरोबर हार्मोनिकाही वाजवतो. शेवटचं ‘स्पेस ट्रकिन’ म्हणजे अंतराळातल्या भटकंतीची धमाल. त्याची रग पेसच्या ड्रममध्ये आहे.

या सत्रांत आठवं गाणंही झालं होतं, ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’. संथ, दुखरं आणि विलक्षण सुंदर. ब्लॅकमोरला ते पसंत नव्हतं. ते अल्बममधून गळलं आणि ‘नेव्हर बिफोर’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. नव्या आवृत्त्यांत ते शेवटी जोडलेलं असतं. माझी विनंती एवढीच की पहिल्या वेळी ‘स्पेस ट्रकिन’ संपलं की थांबा. हे गाणं दुसऱ्या दिवशी, वेगळं ऐका. त्या धमालीच्या पाठोपाठ ऐकलं तर दोन्ही गाण्यांवर अन्याय होतो.

पायरी ३: रीमास्टर आणि रीमिक्स यांतला फरक समजून घ्या

रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक वाद्य आणि आवाज टेपच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर असतो. कुठलं किती मोठं, कुठलं डाव्या कानात, कुठलं उजव्या, कुणावर किती घुमारा, हे ठरवून ते सगळे ट्रॅक दोन वाहिन्यांत एकत्र करणं म्हणजे मिक्स. तयार झालेल्या मिक्सवर शेवटचा हात फिरवून ते एलपीसाठी किंवा सीडीसाठी सिद्ध करणं म्हणजे मास्टरिंग.

रीमास्टर म्हणजे तयार आमटीत मीठ-लिंबू बघून घालणं. डाळ आणि पाणी आता वेगळं करता येत नाही. रीमिक्स म्हणजे तीच डाळ, तोच मसाला घेऊन आमटी पुन्हा चुलीवर चढवणं. रीमास्टरमध्ये खर्ज वाढेल, झळाळी कमी-जास्त होईल, एकूण आवाज चढेल. पण गिटारला न हलवता एकटा बेस पुढे आणता येणार नाही. रीमिक्समध्ये ते जमतं. इतकंच कशाला, मूळ मिक्समध्ये गाणं जिथे हळूहळू विरत गेलं त्याच्या पलीकडे टेपवर जे वाजत राहिलं होतं, तेही ऐकवता येतं.

अजून दोन शब्द भेटतील. क्वाड म्हणजे चार स्पीकरसाठी केलेलं मिक्स. सत्तरच्या दशकात त्याची लाट आली आणि ओसरली. डॉल्बी अ‍ॅटमॉस हे आजचं, आवाज चहूबाजूंनी आणि डोक्यावरूनही येईल असं मिक्स.

पायरी ४: कुठली आवृत्ती काय देते

*१९७२ ची मूळ एलपी.* ब्रिटनमध्ये ती बँडच्या स्वतःच्या पर्पल रेकॉर्ड्स या लेबलवर आली, अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सच्या हिरव्या लेबलवर. उघडणारं कव्हर, आत फोटो. पुढच्या बाजूला चकचकीत धातूच्या पत्र्यात पाचही जणांची वेडीवाकडी प्रतिबिंबं आहेत. ते कव्हर हातात घेऊन बघण्यासारखं आहे. अ‍ॅपवरच्या टिचभर चित्रात ते चेहरे ओळखू येत नाहीत.

*१९७४ चं क्वाड.* त्या वेळी त्यासाठी खास यंत्रणा लागायची. आज ते २०१२ आणि २०२४ च्या संचांतून सहज ऐकता येतं.

*१९९७, पंचविसावं वर्ष.* दोन सीडी. रीमिक्स केलं खुद्द रॉजर ग्लोव्हरने, म्हणजे जो त्या कॉरिडॉरमध्ये बसून बेस वाजवत होता त्यानेच. बेस आता स्पष्ट ऐकू येतो, यात आश्चर्य नाही. गाण्यांचे शेवट लांबतात आणि मूळ मिक्समध्ये विरून गेलेलं वाजवणं कानावर येतं. सोबत मूळ मिक्सचं रीमास्टरही आहे. म्हणजे दोन्ही मिक्स एकाच डबीत, शेजारीशेजारी. शिकण्यासाठी याच्याइतकी सोयीची आवृत्ती मला दुसरी दिसत नाही.

*२०१२, चाळिसावं वर्ष.* चार सीडी आणि एक डीव्हीडी. नवं रीमास्टर, ग्लोव्हरचं रीमिक्स, क्वाड, आणि बीबीसीसाठी लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये ९ मार्च १९७२ ला झालेला कार्यक्रम. हा कार्यक्रम अल्बम दुकानात येण्याच्या आधीचा आहे. बँड ही गाणी अजून नवी म्हणून वाजवतोय, आणि स्टेजवर पुढे क्वचितच ऐकू आलेली ‘नेव्हर बिफोर’ आणि ‘मेबी आय अ‍ॅम अ लिओ’ त्यात आहेत. २०१२ च्याच जुलैत जॉन लॉर्ड गेले. पुढच्या जानेवारीत क्लोद नोब्सही गेले.

*२०२४ चं सुपर डिलक्स.* तीन सीडी, एक एलपी आणि एक ब्लू-रे. नवं रीमिक्स आणि अ‍ॅटमॉस मिक्स ड्वीझिल झापाचं. हा फ्रँक झापाचा मुलगा. ज्या दिवशी वडिलांचा कार्यक्रम चालू असताना कसिनो जळाला, तेव्हा तो दोन वर्षांचा होता. पन्नासेक वर्षांनी त्या आगीतून निघालेल्या गाण्याची मूळ टेप त्याच्या हाती आली. कंपनीने हे नाव निवडताना प्रसिद्धीचा विचार केला असेलच, पण ड्वीझिल स्वतः अव्वल गिटारवादक आहे आणि काम मनापासून झालेलं आहे. माझ्या कानाला त्यात ड्रम जास्त जवळ येतात आणि वाद्यं एकमेकांपासून सुटी होतात. काही जागी ती जरा जास्तच सुटी होतात. गिटार आणि ऑर्गन एकजीव होऊन येणारा तो गुरगुरता नाद मला मूळ मिक्समध्येच जास्त भावतो.

या संचात खरा ऐवज वेगळा आहे: एप्रिल १९७१ मधला माँत्रो कसिनोतला कार्यक्रम. आठेक महिन्यांनी जी इमारत राख झाली, तिच्या आतला आवाज, तोच बँड वाजवत असताना.

पायरी ५: एकच गाणं घेऊन तुलना करा

सगळा अल्बम तीन आवृत्त्यांत सलग ऐकला तर कान थकतो आणि काहीच उमगत नाही. एक गाणं घ्या. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची पहिली मिनिटभराची सुरुवात सर्वांत उत्तम, कारण वाद्यं एकामागून एक येतात आणि प्रत्येकाची जागा तपासता येते.

तुलनेआधी आवाजाची पातळी सारखी करा. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. आपल्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. नवी रीमास्टर्स अनेकदा जुन्यांपेक्षा मोठ्या पातळीवर बनवलेली असतात, म्हणून पहिल्या पाच सेकंदांत ती जिंकतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी समान पातळीवर वाजवण्याची सोय असते, ती चालू करा. सीडी किंवा एलपीवर ऐकत असाल तर व्हॉल्यूमचं बटण हाताने जुळवा.

मग कागद-पेन घ्या आणि प्रत्येक आवृत्तीसाठी या गोष्टी टिपा: गिटार कुठल्या कानात आहे आणि ऑर्गन कुठल्या? हाय-हॅट पुढे आहे की गिटारच्या मागे? बेस आला तेव्हा तो ऐकू आला की नुसता जाणवला? गिलनच्या आवाजाभोवती किती मोकळी जागा आहे? आणि गाणं शेवटी कुठे सोडून दिलंय? मूळ, ग्लोव्हर आणि ड्वीझिल, या तिघांवर हे केलंत की मिक्स करणारा माणूस नेमकं काय करतो ते एका संध्याकाळीत समजतं. मग ‘लेझी’ घ्या. तिथे ऑर्गनच्या सुरुवातीत खोलीचा आवाज किती शिल्लक ठेवला आहे, ते ऐका.

पायरी ६: विकत घ्यायचं असेल तर

सगळ्यात मोठा संच लगेच मागवू नका. चार-सहा महिने अ‍ॅपवर ऐका आणि कुठलं मिक्स आपोआप लावलं जातंय ते बघा. फक्त अल्बम हवा असेल तर मूळ मिक्सची एक सीडी किंवा साधी एलपी पुरते. तुलनेची गोडी लागली तर १९९७ ची दोन सीडींची आवृत्ती वापरलेली शोधा. घरी अ‍ॅटमॉस यंत्रणा आहे, किंवा माँत्रोच्या त्या कार्यक्रमासाठी जीव तुटतोय, तर २०२४. चार स्पीकरचं कुतूहल आणि बीबीसीचा कार्यक्रम एवढ्यावर भागत असेल तर २०१२. हे संच बाहेरून मागवताना टपालखर्चाबरोबर सीमाशुल्कही लागू शकतं. ते धरून एकूण किंमत काढा, नाहीतर दारात पार्सल आल्यावर हिशोब बिघडतो.

जुनी एलपी घ्यायची असेल, मुंबईच्या चोर बाजारात असो वा पुण्याच्या जुन्या बाजारात, तर दुकानदाराच्या शब्दापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विसंबा. रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढा आणि कडेने धरा. मोबाइलची बत्ती लावून ती प्रकाशात तिरकी करा. समोरून न दिसणारे ओरखडे तिरक्या उजेडात लगेच दिसतात. नुसती केसासारखी बारीक रेघ असेल तर चालेल. नखाने हळूच चाचपल्यावर अडकते अशी रेघ असेल तर तिथे सुई उडी मारणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर करकरीत रेघांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड खूप वाजली आहे, असं समजा. डोळ्यांच्या रेषेत धरून ती वाकली आहे का बघा. मग शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेले आकडे वाचा. रेकॉर्ड कुठल्या देशात, कुठल्या खेपेला निघाली हे त्यांवरून ताडता येतं. कव्हर एका खेपेचं आणि आतली रेकॉर्ड दुसऱ्याच, अशी अदलाबदल जुन्या मालात सर्रास होते.

आपल्याकडच्या, विशेषतः मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ठेवलेल्या रेकॉर्डवर बुरशीचे पांढुरके ठिपके असतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ मायक्रोफायबरचं कापड घ्या, खाचांच्या दिशेने गोलाकार पुसा, लेबल कोरडं ठेवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कव्हरमध्ये घालू नका. आतलं जुनं कागदी पाकीटही बदला, बुरशी त्यातच राहते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आणि महत्त्वाचं, सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेअरवर चांगली रेकॉर्ड लावू नका. त्यांतल्या बऱ्याच प्लेअरना सुईचा दाब कमी-जास्त करायची सोय नसते आणि जड सुई खाचा घासत जाते. प्लेअरसाठी पैसे साठेपर्यंत सीडीवर ऐका. ‘मशीन हेड’ सीडीवरही तितकाच दणकट वाजतो.

पायरी ७: पुढे काय

मागे जायचं असेल तर १९७० चा ‘इन रॉक’. त्यातल्या ‘चाइल्ड इन टाइम’ची ऑर्गनची सुरुवात अमेरिकेतल्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’वरून सुचली होती. पुढे एप्रिल १९९५ मध्ये पर्पल खरंच मुंबईत येऊन वाजवून गेले. ब्लॅकमोरच्या जागी तेव्हा स्टीव्ह मॉर्स नुकताच आला होता. त्या कार्यक्रमाचं चित्रण याच ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालं.

पण मी म्हणेन, आधी ‘मेड इन जपान’. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोला झालेल्या तीन कार्यक्रमांतून हा अल्बम निघाला आणि त्यात ‘मशीन हेड’ची चार गाणी आहेत: ‘हायवे स्टार’, ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘लेझी’ आणि ‘स्पेस ट्रकिन’. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये साडेचार मिनिटांत आटपलेलं ‘स्पेस ट्रकिन’ इथे वीसेक मिनिटं चालतं आणि एलपीची अख्खी एक बाजू व्यापतं. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये गिलनचा गळा आणि ब्लॅकमोरची गिटार यांचे सवाल-जवाब रंगतात, गिटार एक जागा घेते, गळा ती तशीच परत करतो, मग पट्टी चढत जाते. ‘मशीन हेड’ची एक गोष्ट इथे कळते. तिथे आटोपशीर बांधलेली ही गाणी स्टेजवर कुठवर पसरू शकतात ती. ‘लेझी’ आधी ‘मशीन हेड’वरचं ऐका, लगेच ‘मेड इन जपान’वरचं लावा, आणि लॉर्ड सुरुवातीला ऑर्गनमधून काय काय आवाज काढतो ते हेडफोनवर, आवाज थोडा चढवून ऐका.